बेर्गुर पडतो त्याच्या पुढचं

स्वालाने ती दोन दृश्यं परत एकदा चालवून पाहिली आणि परत तेच झालं. बेर्गुर चिखलात पडला, पडल्या जागी पडद्यावर गोठला, मग क्षणभर सगळं काळं झालं आणि त्या काळ्यातून ग्रोवा खोटी दाढी लावून उठून बसली. असं व्हायला नको होतं. खरा बेर्गुर चिखलात पडल्यापडल्या हळूहळू विरत जायला हवा होता आणि त्याच जागी खोटा उमटायला हवा होता. पडला एक आणि उठला भलताच, अशी ती गंमत होती. अख्ख्या फिल्ममध्ये इथे लोक हसून लोळणार याची समितीला खात्री होती, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं.

संध्याकाळी थोर्राब्लोत होतं. उत्तर आइसलँडमधल्या त्या ग्रेनिदाल खोऱ्यात ऐन हिवाळ्यात वर्षातून एकदा सगळी घरं झाडून सभागृहात जमतात. आंबवलेलं मटण, भाजलेली मेंढीची मुंडकी, वास मारणारा शार्क, वर पेला पेला ब्रेन्निविन नावाची कडक दारू, आणि मग पहाटेपर्यंत नाच. पण लोक खरे येतात ते जेवणाआधीच्या टवाळीसाठी. वर्षभरात कोणी कुठे माती खाल्ली ते सगळ्यांदेखत उगाळायचं, हा त्या दिवसाचा मान. पूर्वी कवनं रचून म्हणत, आता फिल्म करतात. समिती दरवर्षी बदलते. यंदा ग्रोवा अध्यक्ष होती आणि स्वालाने कधीकाळी बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ जोडला होता, एवढ्या एका पापापायी फिल्म जोडायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

या टवाळीतून सुटका कुणाचीच नसते. पाद्रीबुवांची नाही, हेडमास्तरांची नाही, अगदी समितीतल्यांचीही नाही. वगळायचं ते फक्त एकाच कारणाने: त्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल किंवा मोठं दुखणं आलं असेल तर. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे. फिल्म संपली की माणसं मनातल्या मनात घरं मोजतात, कोण राहिलं ते बघतात, आणि राहिलेल्या घराशी त्या संध्याकाळी आवाज खाली आणून बोलतात. त्यामुळे धडधाकट माणसाला वगळून चालत नाही. लगेच दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात केक घेऊन बायका हजर.

बेर्गुरला तर वगळायचा प्रश्नच नव्हता. साठी ओलांडलेला धिप्पाड गडी, चारशे मेंढरं राखणारा, आणि शाळेची बस चालवणारा. खोऱ्यातली एकूण एक पोरं त्याच्या बसमधून लहानाची मोठी झाली. स्वाला स्वतः त्याच बसमधून शाळेत गेली होती आणि आता तिची मुलगी इदुन जात होती. शरद ऋतूत डोंगरावरून मेंढरं उतरवून वाड्यात ज्याची त्याची निवडतात, त्या दिवशी हा बेर्गुर भिंतीपाशी असा काही सपशेल आपटला की बघणाऱ्यांनी तिथल्या तिथेच ठरवून टाकलं, हे फिल्ममध्ये पाहिजे. पुढचं कुणी पाहिलं नाही, कारण तेवढ्यात कुणीतरी फाटक उघडलं आणि मेंढरांचा लोंढा आत घुसला. व्हिडिओ काढला होता खुद्द त्याच्या बायकोने, उन्नुरने, आणि तो समितीला आणून दिलाही तिनेच. नवऱ्याची फजिती आपल्या हाताने पोचवणारी बाई म्हणून ग्रोवाने तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं.

आणि उन्नुर तरी कुठे सुटली होती. त्या शरदापासून ती रोज सकाळ-संध्याकाळ विणकाम घेऊन नवऱ्याच्या शेजारी बसमध्ये बसू लागली होती. फिल्ममध्ये त्याचाही एक तुकडा होता: म्हातारपणी नवरा हातचा जाऊ नये म्हणून पाळत ठेवणारी बायको.

सभागृहाच्या मागच्या खोलीत स्वाला लॅपटॉप घेऊन बसली होती आणि भिंतीपलीकडे टेबलं सरकवल्याचे, ताटं मांडल्याचे आवाज येत होते. तिने सुचेल ते करून पाहिलं. एक दृश्य दुसऱ्यात विरवणारं ट्रान्झिशन काढून परत टाकलं. ते निम्म्याने आखूड केलं, मग सुरुवातीकडे सरकवलं, मग शेवटाकडे. प्रोग्रॅम बंद करून उघडला, साठलेल्या जुन्या फायली पुसल्या. फोनच्या व्हिडिओचा वेग कमीजास्त होतो म्हणून घोटाळा होत असेल असं वाटून क्लिप दुसऱ्या प्रकारात बदलून आणली. बेर्गुर आपला पडायचा आणि गोठायचा. शेवटी तिने क्लिपची कड धरून ओढून पाहिली आणि ती तसूभरही पुढे सरकली नाही, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

विरत जायला काहीतरी शिल्लक लागतं. एक दृश्य संपता संपता दुसरं सुरू होतं, तेव्हा पहिल्याचा पुढचा थोडा भाग पडद्याला हवा असतो. तोच नसेल तर बिचारा प्रोग्रॅम शेवटचंच चित्र धरून उभा राहतो. उन्नुरने क्लिप पाठवतानाच कापली होती, आणि कशी, तर बेर्गुरचं अंग चिखलाला टेकलं की पुढे एक कणही नाही. स्वालाने कापलेल्याच्या आधीचा भाग वापरून पाहिला तर पडणंच धूसर होऊन गेलं आणि गंमत पार मेली.

तिने उन्नुरला फोन लावला. नुसता एक सेकंद पुढचा हवाय म्हटलं. उन्नुर म्हणाली, पुढचं काही नाहीये, तेवढंच काढलं होतं. स्वालाने विचारलं, मूळ व्हिडिओ असेल की फोनमध्ये, बघतेस का. त्यावर उन्नुर म्हणाली की तो जुना फोन आता नाही, आणि गोठ्यात कामं पडलीत, आणि फोन ठेवून दिला. एरवी तासभर फोन न सोडणारी बाई. स्वालाला जरा लागलंच. पण वाद घालायला वेळ कुणाला होता.

ग्रोवा दाढी हातात घेऊन दोनदा डोकावून गेली. पहिल्यांदा तिने नुसतं झालं का म्हणून विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाली, ती जागा फसली तर पुढल्या वर्षी फिल्ममध्ये आपणच असू. स्वालाने तिला दार लावून घ्यायला सांगितलं.

थोड्या वेळाने दार परत उघडलं आणि आत आला तो बेर्गुर. खांद्यावर घरच्या जेवणाची लाकडी पेटी, बुटांना बर्फ. पेटी खाली ठेवून त्याने खिशातून एक फोन काढला.

"उन्नुर कुणाशी तरी फोनवर बोलत होती, कुठला तरी जुना व्हिडिओ हवाय म्हणून. तिचा जुना फोन असतो की माझ्याकडे, बसमध्ये. हवामान ऐकायला." त्याने तो टेबलावर ठेवला. "माझीच फजिती माझ्याच हाताने आणून देतोय. समितीने एक पेला जास्त द्यावा मला."

पुढचं बघायचं नाही, ते संध्याकाळीच बघणार, असं सांगून तो खुर्च्या लावायला गेला. फिल्म आधी पाहणं त्यांच्यात वाईट समजतात.

स्वालाने फोन लॅपटॉपला जोडला. व्हिडिओ तोच होता, कापलेला. पण असल्या फोनमध्ये कापलेलं खरंच जात नाही, झाकून राहतं. मूळ परत आणा, असं एक बटण असतं. तिने ते दाबलं, आणि आखूड क्लिप एकदम कितीतरी लांब झाली. स्वालाने सुटकेचा श्वास सोडला. पडल्यानंतरचा पहिला एक सेकंद उचलला, जोडला, ट्रान्झिशन टाकलं. बेर्गुर पडला, त्याची पाठ आणि चिखल हळूहळू विरले आणि दाढीवाली ग्रोवा त्यातून उठली. इतकं बेमालूम की ती एकटीच मोठ्याने हसली.

काम झालं होतं. लॅपटॉप मिटून ती उठली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण इतका लांब व्हिडिओ कशाचा, हे बघायचा मोह कुणाला आवरतो. तिने पुढे चालू दिलं.

पडद्यावर फोन डगमगला, मग कुठेतरी दगडावर टेकला आणि तिरपा स्थिर झाला. बेर्गुर कमरेपासून वर दिसत होता. त्याचा उजवा हात चिखलात आपटत होता, थांबायचं नाव घेत नव्हता. जबडा आवळलेला, डोळ्यांत नुसतं पांढरं. उन्नुर गुडघ्यावर बसून त्याला कुशीवर वळवत होती. तिने जाकीट काढून त्याच्या डोक्याखाली सारलं, तोंडातला चिखल बोटाने काढला. एकही हालचाल चुकली नाही. ज्या बाईने हे आधी केलेलं असतं तिचेच हात असे चालतात. ती एवढंच म्हणत होती, "परत नको रे. परत नको."

मग हात थांबला. बराच वेळ काही झालं नाही, भिंतीपलीकडून नुसता मेंढरांचा कालवा. शेवटी बेर्गुर उठून बसला, आजूबाजूला बघू लागला आणि जड जिभेने म्हणाला, "काय झालं गं?"

"घसरलास," उन्नुर म्हणाली. "दुसरं काय होणार. ऊठ, लोक हसतायत."

बसमधलं ते विणकाम, रोज, न चुकता, बर्फ असो वादळ असो. सगळ्या खोऱ्याने हसून घेतलेलं ते विणकाम आता तिला नीट दिसलं. शुक्रवारी संध्याकाळी इदुन त्याच बसमधून घरी आली होती. सोमवारी सकाळी परत त्याच बसमध्ये चढणार होती. सोळा पोरं, एका बाजूला दरी, रस्त्यावर बर्फ, आणि स्टिअरिंगवर हा उजवा हात.

तिने मान वर केली तेव्हा उन्नुर दारात उभी होती. बेर्गुर जुना फोन घेऊन गेला हे कळताच ती गोठ्याच्या कपड्यांतच धावत आली होती. तिने आधी टेबलावरचा फोन पाहिला आणि मग स्वालाचा चेहरा पाहिला. दार आतून लावून घेतलं आणि तिथेच दाराला टेकली.

"त्याने आणून दिला," स्वाला म्हणाली. "त्याला काहीच माहीत नाही, ना?"

उन्नुरने मान हलवली. मग ती भडाभडा बोलायला लागली. पहिल्यांदा झालं ते उन्हाळ्यात, गवत कापताना, तेव्हा तिला वाटलं ऊन लागलं. दुसरं हे. त्याच्या वडलांना असंच होऊन त्यांची बस, घोडा, बंदूक सगळं काढून घेतलं होतं, आणि वर्षभरात म्हातारा खिडकीशी बसून संपला होता. बेर्गुरने ते पाहिलंय. त्याला कळलं तर तो त्याच खुर्चीत जाऊन बसेल. म्हणून तिने क्लिप स्वतः दिली. इतक्यांनी पडताना पाहिलेलं. ती गप्प बसली असती तर लोकांनी विचारलं असतं. त्यापेक्षा एकदा सगळे पोटभर हसले की ते घसरणंच ठरतं, कायमचं.

"आणि बस?" स्वालाने विचारलं.

"मी असते ना बसमध्ये."

"तू असून काय करणार आहेस? स्टिअरिंग धरणार?"

"धरलंय," उन्नुर म्हणाली.

पलीकडे कुणीतरी अकॉर्डियनचे सूर जुळवून बघत होतं.

"कधी?"

"ख्रिसमसच्या आधी. पुलाच्या अलीकडे. हळू चालली होती गाडी, मी ब्रेकवर पाय घातला. त्याला सांगितलं डुलकी लागली तुला." ती थांबली. "पोरं उतरली होती सगळी."

स्वालाचं शेत खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला. पुलाच्या पुढे दुसरं घर नाही. बस पूल ओलांडते ती फक्त इदुनला सोडायला.

"ती मागे झोपली होती," उन्नुर जमिनीकडे बघत म्हणाली. "तिला काही कळलं नाही. शपथ."

स्वाला उठली. तिला या बाईला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. हीच बाई तिची आई आजारी असताना महिनाभर डबा घेऊन येत होती, हेही त्याच वेळी आठवलं, आणि त्याने राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. तोंडात येतील त्या शिव्या तिने दिल्या. उन्नुरने सगळ्या ऐकून घेतल्या. मग म्हणाली, आजची संध्याकाळ जाऊ दे, त्याला हसू दे सगळ्यांबरोबर, सोमवारी त्याला काहीतरी सांगून डॉक्टरकडे नेते.

"सोमवारी सकाळी बस आहे," स्वाला म्हणाली. "तू सांगतेस की मी सांगू?"

उन्नुरला सांगवेना. तेव्हा स्वालाने दार उघडून हाक मारली, आणि बेर्गुर दोन्ही हातांत खुर्च्या तशाच घेऊन आत आला. बायकोचा अवतार बघून काहीतरी चेष्टा करणार होता, पण करता करता राहिला.

स्वालाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. आधी फिल्म बघायची नसते, असं तो पुटपुटला, पण बघायला लागला. पडण्यावर तो हसलासुद्धा. त्याच्या पुढचं बघताना मात्र तो हसला नाही, बसलाही नाही. खुर्च्या खाली ठेवायचंही भान त्याला राहिलं नाही. "घसरलास" हे आल्यावर स्वालाने थांबवायला हात पुढे केला, तर म्हणाला, परत लाव. दुसऱ्यांदाही त्याने तो पुरा बघितला. मग खुर्च्या एकेक करून भिंतीशी नीट टेकवून ठेवल्या.

"बसमध्ये पण?" त्याने बायकोला विचारलं.

"एकदा."

"म्हणजे ती डुलकी?"

उन्नुर रडायला लागली. तो तिच्याकडे गेला नाही. स्वालाकडे वळला, आणि तिला वाटलं आता हा माझ्यावर ओरडणार, ओरडला असता तर तिला बरंच वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, इदुन होती का. स्वालाने हो म्हटलं. त्यावर तो डोक्यावरची टोपी काढून हातात चुरगळत उभा राहिला.

"मला काढ त्यातून," शेवटी तो म्हणाला.

"बेर्गुर," स्वाला म्हणाली, "तू हेडमास्तरांना सांग, एवढं पुरे आहे. फिल्मचं राहू दे. काढलं तर सगळ्यांना..."

"मला माहितीये काढलं तर काय होतं. या खोऱ्यात जन्मलोय मी." त्याचा आवाज फाटला. "घरोघर जाऊन सांगत फिरू का, की तुमची पोरं घेऊन मी असा फिरत होतो? एकदाच काय ते कळू दे. मला आणि तिला, दोघांना काढ. तो विणकामाचा भागही."

त्याने खिशातली बसची किल्ली टेबलावर ठेवली आणि उन्नुरला दंडाला धरून बाहेर नेलं. ती जाताना स्वालाकडे बघत नव्हती.

स्वालाने काढलं. सगळ्यात चांगली जमलेली जागा पुसली. विणकामही काढलं. दोन्हीकडे भोकं पडली, ती तिने मागचं-पुढचं ओढून बुजवली. पाद्रीबुवांची गाडी खड्ड्यात आणि हेडमास्तरांचा सुटलेला घोडा आता धडाधड एकमेकांना लागून आले. ग्रोवा तिसऱ्यांदा आली ती पुऱ्या वेशात, दाढी चिकटवून. स्वालाने सांगितलं, बेर्गुर आणि उन्नुरला काढलंय. ग्रोवाने ओरडायला तोंड उघडलं, स्वालाकडे पाहिलं, आणि काही न विचारता दाढी सोलून काढली. गोंदाने तिची हनुवटी लाल झाली होती.

फिल्म लागली तेव्हा स्वाला मागे प्रोजेक्टरपाशी उभी होती. लोक हसले, शिट्ट्या मारल्या, टेबलं बडवली. बेर्गुर आणि उन्नुर पुढून दुसऱ्या टेबलावर होते. मेंढरांच्या दिवसाची दृश्यं सुरू झाली तशी आजूबाजूची माणसं बेर्गुरकडे बघून आधीच दात काढायला लागली, एकाने त्याच्या पाठीवर थापही मारली. मेंढरं आली, गेली. ख्रिसमस आला, गेला. शेवटची नावं पडद्यावर आली आणि दिवे लागले.

टाळ्या पडल्या, पण उगाच चुकत माकत. स्वालाला ते मोजणं ऐकू येत असल्यासारखं वाटलं. एकेक मान त्या दुसऱ्या टेबलाकडे वळत गेली. पाठीवर थाप मारणाऱ्याने हात हळूच मागे घेतला. मग हेडमास्तर उठले आणि बेर्गुरच्या शेजारी जाऊन बसले, आणि बेर्गुर त्यांच्याशी बोलू लागला, खाली मान घालून, बराच वेळ. ज्या आयाबापांची पोरं बसने जातात ते आपापल्या टेबलांवर थिजून बसले होते. त्यातली एक बाई आपल्या पोराला जवळ ओढून घेताना स्वालाने पाहिलं. पुढे या लोकांनी काय काय बोलून घेतलं, कोण कोण महिनोन् महिने त्यांच्या दारी गेलं नाही, ते सगळं व्हायचं होतं. त्या संध्याकाळी मात्र कुणी काही बोललं नाही. ताटं भरली, पेले भरले, अकॉर्डियनवाल्याने जरा घुटमळत पहिला नाच धरला.

स्वालाने उन्नुरशी काय बोलायचं ते मनाशी शंभरदा ठरवलं होतं. माफ केलं नव्हतं तिने, करेल असं वाटतही नव्हतं. पण ती त्या टेबलापाशी गेली आणि बोलणं तोंडातच राहिलं.

उन्नुर झोपली होती. इतका गोंधळ, पायांखाली फरशी दणाणतेय, कानाशी अकॉर्डियन, आणि ती नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड किंचित उघडं, लहान पोरासारखी गाढ झोपली होती. स्वालाला कळलं की उन्हाळ्यापासून ही बाई एक रात्रही झोपलेली नाही, शेजारच्या माणसाचा श्वास मोजत पडून राहिलीये.

बेर्गुरने वर पाहिलं आणि हळू म्हणाला, "उठवू नकोस."

त्याचा उजवा हात तिच्याखाली दबला होता. समोर भरलेलं ताट होतं. तो डाव्या हाताने, सांडत सांडत जेवत होता.